शबानाचं कार्ड

लातूर, रविवार संध्याकाळ

रूममेट शबानाच्या मेमरी कार्डात फिजिक्सचं अख्खं लेक्चर मावलं. माझ्यात न्हाई! जीव नुसता जळून राहिला. मोबाइलवाला म्हणाला, "तुझं कार्ड फॅट-३२ फॉरमॅटचं हाय, चार जीबीच्या वरची फाइल घेत न्हाई. तिचं एक्सफॅट हाय, त्यात मोठी फाइलबी बसती." मग माझंबी तसंच करून द्या म्हटलं. माझ्याकडच्या दादाच्या जुन्या फोनला ते चालंल का, हे विचारलंच न्हाई. शबानासारखं कार्ड पाहिजे होतं, बस्स. आता फोन म्हणतोय, कार्ड वाचता येत नाही, फॉरमॅट करा.

शबानानं हसत एक इअरफोन माझ्याकडं धरला. "ये की गं, मिळून बघू."

एवढी चांगली कशाला वागते ही?

"माझं बघून झालंय," म्हटलं.

उद्या त्याच लेक्चरवर टेस्ट हाय.