निळी पाटी कोणी उलटायची

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौपन्न, धंदा कपडे धुणे व इस्त्री, शिक्षण सातवी आणि पुढचे सगळे यंत्रांच्या माहितीपुस्तकांतून, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. हात ठिकाणावर नाही; अक्षर हलले आहे ते त्यामुळे, त्यावरून कोणी शंका काढू नये. मी नशेत नाही. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. भीती आहे, पण ती माझी स्वतःची आहे, बाहेरून कोणी घातलेली नाही. परवा गुरुवारी माझ्या छातीचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखे काही नाही. हे ते उभ्या उभ्या, दाराकडे बघत म्हणाले, याचीही नोंद करून ठेवतो. यापूर्वी मी एकही मृत्युपत्र केलेले नाही, सबब रद्द करण्यासारखे काही नाही.

कलम १. राहते घर, दोन खोल्या व स्वयंपाकघर, स्वकष्टार्जित, पत्नीला. न्हाणीघराचा नळ उजवीकडे फिरवून वर उचलल्याशिवाय बंद होत नाही. एकोणीस वर्षे मी तो दुरुस्त करीन म्हणत आलो. बँकेतली शिल्लकही तिलाच.

कलम २. लाँड्रीची जागा, धुण्याची दोन यंत्रे, पिळण्याचे एक, वाफेच्या तीन इस्त्र्या, सर्व पत्नीला. धाकट्या भावाचा या जागेवर काडीचाही हक्क नाही. मी दवाखान्यात पडून असताना तो येऊन जागेची मापे घेऊन गेला, आणि तीही माझ्याच टेपने. ती टेप त्याने परत केलेली नाही. ती त्याला दिली.

कलम ३. घडीची फळी. प्लायवूडची, चौदा इंच बाय अकरा, कडा मी स्वतः घासलेल्या. कपडा फळीवर टाकायचा, बाजू आत घ्यायच्या, फळी ओढून काढायची. टॉवेल असो की उशीचा अभ्रा, सुताइतकाही फरक पडत नाही. ही फळी मी घडीवालीसाठी केली आणि ती तिलाच राहील.

घडीवाली म्हणजे माझ्याकडे नऊ वर्षे घड्या घालणारी बाई. वय छत्तीस. तिला बौद्धिक अपंगत्व आहे. लोक तिला पोरगी म्हणतात आणि ती समोर उभी असताना तिच्याबद्दल तिच्या आईला विचारतात. ती बाई आहे आणि पगारपत्रकात तिचे नाव इतरांच्याच ओळीत आहे. समजायला तिला वेळ लागतो, समजलेले ती विसरत नाही. माझे नेमके उलटे आहे. तिची आई मला एकदा म्हणाली, ही कामाला लागली तेव्हापासून मला म्हातारं व्हायला फुरसत मिळाली.

कलम ४. मागच्या खोलीत एक हिरवा पडदा आहे. एका गेस्टहाऊसच्या मॅनेजरने सांगितले होते, आमची माणसे माल न्यायला येतात तेव्हा तिला जरा आत बसवत जा. त्याचे काम मोठे होते. मी पडदा लावला. बाराव्या दिवशी तो काढला आणि त्याचे काम सोडले. लोकांना मी आजवर फक्त बारावा दिवस सांगत आलो. आधीचे अकरा इथे लिहून ठेवतो. पडद्याची फरशी पुसायची फडकी करावीत.

कलम ५. आता पाटीबद्दल. हे कलम लिहायला मी चार दिवस टाळाटाळ केली.

घडीवालीला माझ्याकडे एका संस्थेने आणले. अशा माणसांना नोकरी मिळवून द्यायची आणि पहिले सहा महिने सोबतीला आपले माणूस पाठवायचे, असा त्यांचा रिवाज. संस्थेच्या बाई रोज यायच्या, टेबलाशी उभ्या राहायच्या, आणि दर आठवड्याला एक पाऊल मागे सरकायच्या. म्हणायच्या, माझी गरज उरली नाही की माझं काम झालं. दोन महिन्यांनी मी त्यांना सांगितले, आता आमचे आम्हाला जमते. खरे कारण असे की घडीवाली काही अडले तर त्यांच्याकडे बघायची, माझ्याकडे नाही. मला ते खपत नव्हते.

पाटी मी केली. लाकडी, तळहाताएवढी, एक बाजू निळी, एक पांढरी. निळी वर असली की काम, पांढरी वर असली की जेवण किंवा घर. एकदा इस्त्रीवाल्याने थट्टेत ती उलटली, तर घडीवाली अर्ध्या चादरीवरून उठून घरी गेली. मी दुकान डोक्यावर घेतले आणि नियम केला, की पाटीला हात फक्त माझा. तीन आठवडे रोज शिकवून तो नियम तिच्यात पक्का बसवला. माझ्यासारखा शिकवणारा मिळायचा नाही, असे मी तेव्हा सांगत सुटलो होतो.

सहा आठवड्यांपूर्वी भर दुपारी मी तिच्या टेबलाशेजारी पडलो. इस्त्रीवाला माल पोचवायला गेला होता. माझी शुद्ध गेली नव्हती. गेली असती तर बरे. तोंडातून शब्द फुटत नव्हता, आणि फरशीवरून मला तिच्या चपला दिसत होत्या. दोन पावले डावीकडे, दोन उजवीकडे. चादर झाली. दुसरी घेतली. मध्येच ती वाकली, मला नीट पाहिले, टॉवेलची घडी माझ्या डोक्याखाली सरकवली आणि परत टेबलाशी गेली. ती रडत होती. रडत रडत घड्या घालत होती. समोर भिंतीवर घड्याळ होते म्हणून सांगतो, चाळीस मिनिटे. शेजारचा शिंपी त्याचा कोट न्यायला आला म्हणून मी आज हे लिहितो आहे. त्याने तिला विचारले, अगं, हाक का नाही मारलीस?

ती म्हणाली, "पाटी निळी आहे."

याबद्दल जो कोणी तिला दोष देईल त्याने माझ्या शेवटच्या वाटेला येऊ नये. त्या चाळीस मिनिटांत मरणाची भीती वाटली ती एकदाच, सुरुवातीला. नंतर त्या चपलांचीच वाटत होती. मी गेलो तर ही थांबणार कधी, आणि हिला थांबवणार कोण?

कलम ६. सबब, पत्नीने लाँड्री चालवावी आणि घडीवालीला तिच्या टेबलावर, तिच्या पगारावर ठेवावे. पत्नी म्हणते, मला यातलं काय कळतं? मी म्हणालो, मलाही कळत नव्हते. ती म्हणाली, तुम्हाला शिकायला कोणी अडवलं नव्हतं, मला मात्र तुम्ही कधी आत येऊ दिलं नाहीत. हे खरे आहे. लाँड्री बंद करायची वेळ आलीच, तर आधी घडीवालीला दुसरी जागा, मग कुलूप. नव्या मालकाने एवढे पाळावे: समोर उभे राहून बोलावे, एका वेळी एकच गोष्ट सांगावी, आणि उगाच शाब्बास म्हणू नये. खोटे शाब्बास ती ओळखते.

पाटीला फक्त माझा हात, हा मी केलेला नियम या लेखाने रद्द करतो. कागदावर रद्द झाला. तिच्यात तो तसाच आहे.

कलम ७. दवाखान्यातून आल्यावर मी संस्थेच्या बाईंना फोन केला. नंबर लावून तीनदा ठेवून दिला, चौथ्यांदा बोललो. त्या आल्या. टोमणा मारतील वाटले होते. एवढेच म्हणाल्या, "तुम्ही तिला काम शिकवलंत. थांबणं मात्र स्वतःकडे ठेवलंत."

तेव्हापासून रोज दुपारी तीनला मी फरशीवर पडतो. तिने पाटी पांढरी करायची आणि शिंप्याला बोलवायचे, असा धडा. फरशी पाठीला लागली की मला दरदरून घाम फुटतो. वाटते, हेच ते, आता उठणे नाही. पत्नी गल्ल्यावरून म्हणते, "रोज नेमानं मरता, एखाद्या दिवशी सवयीनं खरं होईल." सतरा दिवस झाले. सतराही दिवस घडीवालीने टॉवेल डोक्याखाली दिला आणि परत गेली. हात पाटीपर्यंत यायचा आणि माघारी वळायचा.

म्हणून पाटी मी घडीवालीला देतो. मालकी तिची.

हे कलम आज सकाळी मी तिला मोठ्याने वाचून दाखवले. तिने विचारले, "आत्ता, की तुम्ही मेल्यावर?"

मृत्युपत्रातली गोष्ट माणूस गेल्यावर लागू होते, हे मी वाचलेले आहे. तरी मी म्हणालो, आत्ता. तिने पाटी उचलली, दोन्ही बाजूंनी पुसली आणि निळी बाजू वर करून ठेवली.

तीन वाजता मी पडलो. टॉवेल आला. मग लाकूड टेबलावर आपटल्याचा आवाज झाला आणि चपला दाराबाहेर गेल्या. शेजारच्या दुकानातून तिचा आवाज आला: "काका पडलेत. खोटं पडलेत. पण चला."

शिंपी गळ्यात टेप घेऊन आला, तेव्हा मी खरोखरच उठू शकत नव्हतो. त्याने काखेत हात घालून मला बसवले. मी तिला विचारले, खोटे आहे हे कळत होते, तर इतके दिवस का नाही गेलीस? ती म्हणाली, "पाटी तुमची होती ना."

कलम ८. या सर्वाची तामिली शिंप्याने करावी. तो वेळेत चुकतो, मापात चुकत नाही.

मी अजून घाबरलेलोच आहे. परवा मला जिथे आडवे करतील तिथे माझ्या डोक्याखाली काय असेल ते मला माहीत नाही. एक भीती मात्र आज तीन वाजून सहा मिनिटांनी गेली, तेवढी या यादीतून वजा करावी.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, खाडाखोड दोन ठिकाणी, दोन्हीकडे सही केली आहे.

ठिकाण: घडीचे टेबल.
दिनांक: सतरा, मंगळवार, दुपारी चार.

लिहून ठेवणार: लाँड्रीवाला (सही)

साक्षीदार १: शेजारचा शिंपी (सही)
साक्षीदार २: संस्थेच्या बाई (सही)

ज्याला लाभ मिळतो त्याने साक्षीदार होऊ नये, म्हणून घडीवालीची सही घेतलेली नव्हती. ती हटून बसली. म्हणून तिची सही खाली, साक्षीदारांच्या रेघेपासून चार बोटे लांब, पाटीची मालकीण म्हणून.

(सही)

कागदाची घडी तिने घातली आहे. उलगडणाऱ्याने वाचून झाल्यावर तिच्याच घडीवर मिटावा.