संजनाच्या नावाचा वाळा

५ जुलै
नव्या घरातील टेबलाविरुद्ध माझी रीतसर तक्रार आहे: पेन ठेवले की ते दरीकडे प्रस्थान करते. बाकी सर्व क्षेम. दिंडोरी रस्त्यापासून आत, टेकडीच्या उतारावर दोन खोल्या. खाली वस्ती आणि द्राक्षबागा. संजना, तू असतीस तर पहिल्याच दिवशी टेबलाखाली पुठ्ठा सरकवला असतास. मी पडलो संस्कृतचा मास्तर. उताराला ‘प्रवण’ म्हणतात, एवढेच सांगू शकतो.

९ जुलै
खालच्या वस्तीतल्या सुलाबाई वाळ्याचा, म्हणजे त्या सुगंधी मुळांच्या गवताचा, ठोंब घेऊन आल्या. माती खचू नये म्हणून इथे उतारावर वाळ्याच्या आडव्या रांगा लावतात. एकेक ठोंब एकेका गेलेल्या माणसाच्या नावाने. “बाईंच्या नावानं लावा, मास्तर. आमचे मालक बी हितंच हाय. लय घट्ट धरून हाय.” धरून ठेवायचा त्यांना पगार काय देता, मी विचारले. त्या हसल्या नाहीत. पौषात तू गेलीस, त्यानंतर आज प्रथमच तुझ्यासाठी काही केले. मुळांना तुझ्या माठातल्या पाण्याचा वास होता.

२१ जुलै
वरची माती सुटली आणि तुझ्या ठोंबापाशी येऊन थांबली. वस्तीने नारळ फोडला. मी उगाच मिरवून घेतले. टेबलावरचे पेनही आज जागचे हलत नाही. हे मात्र आवडले नाही.

२९ जुलै
पावसाने मुळे उघडी पडली. बोटांसारखी, असे लिहिणार होतो. उपमा नको. बोटेच. सांध्यांशी सुजलेली. आजारात शेवटी शेवटी तुला ओला रुमालही पिळवत नव्हता, आणि आता —
सुलाबाई म्हणाल्या, पहिला पावसाळा जड जातो, मग सवय होते. सुटका कधी, विचारले. उपटलं की, म्हणाल्या. आणि खाली वस्तीकडे पाहत राहिल्या.

३ ऑगस्ट
जमिनीतून कण्हणे. तुझ्या आजारपणातले, तसेच, दात आवळून — मला ऐकू जाऊ नये म्हणून.
कुदळ घेऊन गेलो. खाली चुली पेटल्या होत्या. कोणीतरी हसले. परत आलो.

६ ऑगस्ट
भिंतीला तडा. वस्ती शाळेत हलवली, सगळी. सुलाबाई हाका मारून दमल्या — “मास्तर, चला आता!”
खाली कोणी नाही. म्हणजे तू आता फक्त मला धरून आहेस. मी निघालो की तुला सोडता येईल. दार उघडे आहे. मी बसून आहे.
भीती दरडीची नाही, संजना. तू सोडशील, आणि मग पुन्हा मी एकटा —
पेन दरीकडे सरकते आ