नरक्याची साल

मी धर्माजी भगवंत आढारी, वय वर्षे बहात्तर, धंदा भातशेती, राहणार घाटघर, तालुका जुन्नर. डोकं ठिकाणावर आहे, कुणाचं दडपण नाही. छाती मात्र कधीही दगा देईल असं डॉक्टर म्हणतात, म्हणून हे मृत्युपत्र माझ्या हातानं लिहीत आहे.

१. भाताची खाचरं नात प्राची हिला. नांगर धाकटा भाऊ सोमाजी याला. मागून नेला तो त्यानं परत आणलाच नाही, आता निदान हक्कानं वापरील.

२. माझी पत्नी कैलासवासी बयाबाई हिचा खलबत्ता माझ्यामागे नदीत सोडावा. त्यात कुणी काही कुटू नये. बया लोकांना झाडपाला द्यायची, कावीळ, सूज, मुका मार. नारळाशिवाय काही घेतलं नाही. तिच्या आईनं घालून दिलेला नेम होता: नवा पाला आधी आपल्या पोटात, मग दुसऱ्याच्या. या नेमानंच माझा संसार मोडला.

झालं असं. पेपरात आलं की आमच्या डोंगरातल्या नरक्याच्या अर्कानं प्रयोगशाळेत काचेच्या बशीत कॅन्सरच्या पेशी मरतात. या झाडाची अशी घाण येते की आम्ही कधी त्याच्या वाटेला गेलो नव्हतो. बातमीमागोमाग व्यापाऱ्यांचे टेम्पो आले आणि डोंगर बोडका झाला. आमच्या बांधावरचा एक नरक्या तेवढा वाचला.

त्याच सुमारास जुन्नरच्या जन्नतबी आल्या. दर नागपंचमीला गावात बांगड्या भरायला यायच्या, बयाची जिवाभावाची मैत्रीण. त्यांना पिशवीचा कॅन्सर निघाला होता आणि पुण्याच्या दवाखान्याची धास्ती बसली होती. म्हणाल्या, "बया, तुझ्या हातचं दे. सुई नको मला."

बया म्हणाली, "आदी मी पिऊन बगते. मंग तुला."

साल भरतनं, आमच्या एकुलत्या मुलानं, काढून आणली. काढा पोटात गेला आणि तिला जुलाब लागले ते थांबेनात. केस उशीला चिकटून यायला लागले. दवाखान्यात चल म्हटलं की म्हणायची, "उतरंल." शेवटी जीपमध्ये घातली. वाटेत माझा हात धरून म्हणाली, "जन्नतला ह्ये दिऊ नगा. तिला पुण्याला न्या." वाटेतलं आपटाळं गाव यायच्या आधी ती गेली.

जन्नतबींना मी आणि भरतनं पुण्याला नेलं. त्या आजही हिंडत्याफिरत्या आहेत. तिथले डॉक्टर म्हणाले, "या इंजेक्शनचं मूळ तुमच्या त्याच झाडात आहे. पण त्यातलं नेमकं द्रव्य काढून, बदलून, तोलूनमापून देतो. नुसती साल म्हणजे विष." भरतनं त्यातलं पहिलंच वाक्य ऐकलं.

३. राहतं घर भरतला, पण अटीवर. तो आईचा फोटो लावून त्याच सालीचा 'बयाबाईचा काढा' बाटलीतून विकतो. घरात तो काढा पुन्हा उकळला तर घरही प्राचीचं. औषध मागायला कुणी दारात आलं तर चहा पाजावा आणि एसटीत बसवून दवाखान्यात धाडावं.

४. बांधावरचा नरक्या तोडू नये. मी कुऱ्हाड घेऊन गेलो होतो. जन्नतबी आडव्या आल्या, "झाडाचा काय गुन्हा, भाऊ?" मी कुऱ्हाड घेऊन माघारी आलो. त्या झाडाकडं बघवत नाही, तरी राहू द्यावं.

५. भरता, हे कलम तुझ्यासाठी. तू म्हणतोस, "आईला आदीच आतून काय तरी व्हतं, बाबा." तिला काही नव्हतं रे. त्याच पावसाळ्यात तिनं सगळी लावणी उरकली होती. तुला ते मान्य करवत नाही, कारण मग साल कुणी आणली हे पुढं येतं. या काढ्यानं एखादा तरी बरा झाला तर आपण सुटलो, या आशेवर तू बाटल्या भरतोस. मला कळतं. तुला ओसरीवर बसवून कितीदा बोलायला गेलो, तू "काय बाबा?" म्हणालास आणि मी भाताचं काहीतरी बोललो. म्हणून आता साक्षीदारांसमक्ष लिहून देतो: तिनं मागितली, तू आणलीस. मला सांगितलं असतं तर मीच आणली असती. तू आईला मारलेलं नाहीस.

हे वाचून पाहिलं, बरोबर आहे, सही करतो.

धर्माजी भगवंत आढारी
मुक्काम घाटघर, १४ मार्च २००६

साक्षीदार:
१. जन्नतबी महंमद हनीफ, जुन्नर (अंगठा)
२. हौशीराम धोंडिबा लांडे, घाटघर (सही)