कोपऱ्याची गोलाई

सिडको, नाशिक
एप्रिल २००४

प्रिय दादा,

तुझं पत्र वाचलं आणि फाडून टाकलं. सुटल्यावर समाधानचा दुसरा डोळाही फोडीन म्हणतोस. शाब्बास रे वाघा! जेलची भाकरी पचली, राग नाही पचला.

आता गप ऐक. दसऱ्याच्या मुहूर्ताला कारखान्यात तापलं लोखंड घडवणाऱ्या फोर्जिंगच्या यांत्रिक हातोड्याखाली नवा साचा फुटला, तुकडा उडून नानांच्या गळ्यात घुसला. आपल्या बापाचं ते रक्त मीही पाहिलंय. जीव गेला तेव्हा त्यांचं डोकं माझ्याच मांडीवर होतं. तू पान्हा उचललास आणि डिझाइन याचंच म्हणून समाधानच्या तोंडावर घालत सुटलास. तो पडला, डोळा बाहेर आला, तरी तुझा हात थांबला नाही.

अरे, त्याचं डिझाइन चुकलंच नव्हतं! आतल्या कोपऱ्याला त्याने गोलाई दिली होती. धारदार कोपरा घावाखाली तडकतो, हे नानांनीच त्याला शिकवलेलं. पण साचा कापणाऱ्या मशीनचा कॉम्प्युटर जुनाट. डिझाइनच्या स्टेप नावाच्या फाइलमधून अख्खा ठोकळा जसाच्या तसा जातो, पण ती त्याला उघडेना. म्हणून आयजीईएस नावाची जुन्या पद्धतीची फाइल दिली. त्या फाइलमधून ठोकळ्याची नुसती सालं गेली, सुटी सुटी, आणि तिकडे ती परत जुळवायची. गोलाईचं साल वाटेतच गळलं. मशीनवाल्याला फट दिसली, त्याने बाजूची दोन सालं ओढून भिडवली. झाला कोपरा धारदार.

अशा वेळी कागदावरच्या ड्रॉइंगशी साचा ताडून बघतात. पण ते ड्रॉइंग खंडेनवमीला नानांनी हत्यारांबरोबर पूजेत मांडलेलं, हळदकुंकू वाहून, झेंडूखाली. समाधान ते काढायला वाकला, तर नानांनी त्याचा हात झिडकारला. मांडलेली पूजा मोडायची नाय म्हणाले, आणि हातोडा चालू केला. झाडणाऱ्या सुमनबाईंनी डोळ्यांनी पाहिलंय. समाधान कोर्टात यातलं अवाक्षर बोलला नाही. मेलेल्या माणसाला कशाला बोल लावायचा, म्हणतो.

तू सुटलास की तडक त्याच्या घरावर जाशील, ठाऊक आहे मला. म्हणून आजच कळवते. दार मी उघडीन. माघात लग्न केलं आम्ही. तुला सांगायची छाती झाली नाही. समोरच्या भिंतीवर नानांचा फोटो आहे, त्यानेच लावलाय. हात उगारायचा तर आधी त्यांच्यासमोर उभा राहा. नाहीतर रिकाम्या हातांनी ये, जेवून जा.

तुझीच,
शुभांगी