वहिनीनं मागितलेली पुडिंगची कृती

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. चार ओळींचं! दोन ओळी आईच्या गुडघ्यांच्या चौकशीत गेल्या, एक थंडीत, आणि उरलेल्या एका ओळीत तू शिळ्या पावाच्या पुडिंगची कृती मागितलीस. हल्ली पाव उरतो म्हणे. बाई गं, मी पत्र हातात घेऊन मटकन खुर्चीत बसले. नऊ वर्षं तू या घरात होतीस, पण पहिले दोन महिने सोडले तर तू त्या पुडिंगला चमचा लावलेला मी पाहिला नाही. दादा गेला, मग गेल्या वर्षी नोकरीसाठी तूही परगावी गेलीस. आता तुझी पत्रं तेवढी उरलीत, आणि तीही तुटतात की काय असं वाटलं. का वाटलं ते सांगते, पण आधी कृती. नाहीतर म्हणशील, हिला मागितलं एक आणि हिनं लावलं भलतंच.

पाव दोन-तीन दिवसांचा हवा, बोटानं दाबला तर दबू नये असा. आठ स्लाइस घे. कडा कापू नकोस, कडांनीच त्याला अंग येतं. प्रत्येकीला लोणी लाव, तिरके तुकडे कर आणि लोणी फासलेल्या डब्यात एकावर एक रच. अर्धा लिटर दूध, तीन अंडी, अर्धी वाटी साखर, चिमूटभर जायफळ. दूध कोमट हं, उकळतं ओतलंस तर अंड्यांच्या गुठळ्या होतील. हे सगळं पावावर ओतलंस की अर्धा तास त्याच्याकडे ढुंकूनही बघू नकोस. पाव आपला आपण दूध पितो. मग डबा पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवून पाऊण तास ओव्हनमध्ये. मधोमध सुरी खुपसून बघ, स्वच्छ बाहेर आली की झालं. सगळी गंमत त्या अर्ध्या तासात आहे, आणि तेवढंच मी तुला कधी सांगितलं नव्हतं.

आठवतं ना? लग्नाला दोन महिने झाले होते. कपाटावर पातळ फडक्याखाली मी पुडिंगसाठी उरलेला पाव वाळत ठेवला होता. तुला वाटलं, वाया गेला. तू तो कुस्करून पाखरांना घातलास. मग कळल्यावर घाबरून कोपऱ्यावरून ताजा, मऊ पाव आणलास आणि आम्ही यायच्या आत पुडिंग करून ठेवलंस. त्याचा नुसता लगदा झाला. दादाचे तीन मित्र जेवायला होते, आणि मी डब्यातून पळीनं तो वाढत हसत सुटले. मी हसले म्हणून दादा हसला, मग सगळेच. नंतर वर्षभर येईल त्याला मी ती गोष्ट रंगवून सांगितली. तू मात्र त्याच रात्री डबा घासून पालथा घातलास आणि पुन्हा त्या वाटेला गेली नाहीस. ताजा पाव दुधात विरतो, हे तुला कुणी सांगितलंच नव्हतं. ते सांगायचं काम माझं होतं, आणि मी दात काढत बसले. चुकलं माझं, वहिनी. दहा वर्षं उशीर झालाय, पण चुकलं.

इकडचं ठीक आहे. आई जिना एकटी उतरते आणि वर यायला मला हाक मारते. दर शनिवारी मी अजून तोच मोठा डबा काढते, सवय जात नाही. मग आम्ही दोघी मंगळवारपर्यंत पुडिंग खातो आणि एकमेकींना आग्रह करतो. दुकानात धुवायच्या कोटांची गर्दी सुरू झालीये.

आता मूळ मुद्दा. ड्रायक्लीनिंगच्या काउंटरवर लोकांच्या कपड्यांचे खिसे चाचपण्यात माझं आयुष्य गेलं. तुझी पत्रंही मी तशीच चाचपते, राग मानू नकोस. तुझ्या ग्रंथालयात पुस्तकांची बांधणी करणारे ते गृहस्थ पहिल्या पत्रात एकदाच आले होते, फार हळू बोलतात म्हणून. पुढच्या पत्रात त्यांनी तुझ्या खिडकीची कडी बसवून दिली. त्याच्या पुढच्यात ते पाच वेळा आले, मी मोजले. आणि या पत्रात एकदाही नाहीत! तिथेच माझे कान टवकारले. त्यात म्हणे पाव उरतो. अगं, एकट्या बाईला अर्धा पाव पुरतो. तू अख्खा आणायला लागलीस आणि तो उरतोय, म्हणजे दोघांच्या बेतानं आणतेस आणि दुसरा माणूस रोज येत नाही. बरोबर ना?

मी हे सगळं आईला सांगितलं. तिनं पदरात तोंड खुपसलं आणि बराच वेळ रडली. मीही रडले, लपवत नाही. मग ती तोंड धुऊन आली आणि म्हणाली, हे सांगायला पोरीनं आपल्याला इतकं घाबरावं असं आपण काय केलं होतं? मला त्या जेवणातलं माझं हसणं आठवलं. मग तिनंच विचारलं, त्याला गोड चालतं का, वय काय, आणि तू तारीख का कळवली नाहीस.

तेव्हा हे पत्र एवढ्यासाठीच, की लग्न कर. आईनं तसं लिहायला सांगितलंय आणि माझंही तेच म्हणणं आहे. दादाला तू विसरशील असं मला क्षणभरही वाटत नाही, पण तू तिकडे एकटी जेवतेस हे मला सोसत नाही. आम्ही दोघी येऊ, बोलावलंस तर. न बोलावलंस तरी आई येईल, तिचं काही खरं नाही. मला भीती होती ती फक्त माझ्यापुरती. तू दुसऱ्या घरची झालीस की मी तुझी कोण? पाच उल्लेखांच्या त्या पत्रात तू लिहिलं होतंस की त्यांना ना भाऊ, ना बहीण. तेवढी ओळ मी काल पुन्हा काढून वाचली. म्हणजे तुझ्या नव्या घरात नणंदेची जागा रिकामी आहे. हा माझा अर्ज समज. अनुभव दहा वर्षांचा आहे, आणि वागणूक सुधारेन म्हणते.

तुझीच,
वन्सं