बाहेरचं लाकूड मानवत नाही

३ मार्च, दुपारी
नवं बिऱ्हाड झकास आहे. खिडक्या मोठ्या, शेजार अबोल. पण सकाळी बरोब्बर अकरा वीसला हमालांनी माझं कपाट घरमालकिणीच्या जुन्या टेबलावर आदळलं. वरचा पातळ लाकडी पापुद्रा तळहाताएवढा उडाला, त्याचा भुगा झाला. हमाल म्हणतो, आजी, टेबलच म्हातारं होतं. म्हटलं, म्हातारी मीही आहे, मलाही आदळशील? मालकीणबाई फोनवर म्हणाल्या, टेबल बरं करा, नाहीतर जागा सोडा. चाळीस वर्षं वह्या तपासून आत्ता कुठे टेकले होते. पुन्हा खोकी बांधायचं त्राण नाही.

५ मार्च
सुतार आला. नखाने टकटक करून दाखवलं: धरलेला पापुद्रा भरीव वाजतो, सुटलेला पोकळ. नवा तुकडा सरसाने चिकटवला. जाताना पुटपुटला की ह्याला बाहेरचं लाकूड मानवत नाही. आधीच्या भाडेकरूबाईंच्या वेळी म्हणे टेबल आपोआप भरून आलं, बाई मात्र हाताला फडकं बांधून गेल्या. भुतांवर विश्वास ठेवू नका, असं शाळेत कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी शिकवलं. सुतारांचं शिकवायचं राहिलं.

८ मार्च
तुकडा सुटून जमिनीवर. मीच पुन्हा बसवला. वजन हवं म्हणून त्यावर डावा हात दाबून बसले, तर डोळा लागला. उठले तेव्हा दुपार सरली होती. तुकडा पुन्हा खाली. अंग मात्र असं शिणलेलं, जणू दहा जिने चढले.

१० मार्च
टेबलाची जखम निम्मी भरली. ना सरस, ना तुकडा. नवा पापुद्रा गव्हाळ, त्यावर बारीक रेषा. हात पाहणाऱ्यांना मी जन्मभर हसले. आज स्वतःचा डावा तळहात पाहिला. गुळगुळीत. आयुष्यरेषा टेबलावर आहे.

११ मार्च
टेबल टकटकवलं. भरीव. मग तळहात—
पोकळ.
मालकीणबाईंना फोन. त्या खुशीत. म्हणाल्या, धरलं ना? आता जागा सोडायला नको. दमलात, टेकून बसा.

१२ मार्च
कोपरापर्यंत पोकळ. बॅग भरली, एका हाताने बंद होईना. जरा खुर्चीत बसले. खुर्ची टेबलाशी होती. मी तिथे ठेवली नव्हती.

१३ मार्च, दुपारी
मालकीणबाईंस. ३ मार्चला ११.२० वाजता टेबल फुटलं, हे मान्य. त्याची भरपाई माझ्या अंगातून, हे अमान्य. त्याला अजून किती लागणार, आधीच्या बाईंचं काय उरलं, हे उद्या दुपारी चारच्या आत लेखी कळवा. तोंडी चालणार नाही. वही टेबलावर आहे, उजवा हात दुसरीकडे पोचत नाही. डावा हात टेबलावरून निघत नाही. उजवं मनगट टेक— नाही, टेकवायचं नाही— लेखी, चारच्या आ—