धक्क्यावरचा पहारा

धरणगाव, रविवार, डिसेंबर १९५६

आज पारावर आबा सगळ्यांना सांगत होते, "मना पोऱ्यानी बापलेबी बोटवर चढू दिधं नही. अशी कडक ड्युटी शे!" मी मान खाली घालून बसलो.

गेल्या महिन्यात आमची युद्धनौका मुंबई बंदरात होती. धक्क्यावर पहाऱ्याला मी. आबा भेटायला आले. जहाज त्या दिवशी सर्वांना खुलं होतं, अडवायचं कारणच नव्हतं. पण सोबत्यांसमोर ती मळकी बंडी... मळकी का म्हणतो? स्वच्छ धुतलेली होती, फक्त ठिगळ होतं. "ओ बाबा, मागे व्हा," म्हणालो. ओळखच दाखवली नाही.

आज संध्याकाळी घरी आल्यावर राहवेना. म्हटलं, "आबा, तसा नियम नव्हता."

"माले तवाच समजनं," ते म्हणाले. "पन लोकेस्ले काय सांगू?"